कोळंबी काढून परत आलेली वाटी

तळोज्याच्या एमआयडीसीत मासळी निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. काही चुकलं की आमच्याकडे एक फॉर्म भरतात. काय घडलं, कुठे घडलं, तातडीने काय केलं, मूळ कारण काय, पुन्हा घडू नये म्हणून काय बदललं. शेवटचा रकाना असतो नोंद उघडी की बंद याचा. हे प्रकरणही मी आधी त्याच फॉर्मात लिहायला घेतलं होतं. दुसऱ्याच रकान्यात जागा संपली.

मागच्या डिसेंबरात दादा-वहिनीच्या लग्नाला 25 वर्षं झाली. हॉल, केक, सनई, यातलं काहीच दोघांना नको होतं. वहिनी कधीतरी बोलून गेली होती की शेफच्या समोर बसून तो एकेक घास हातात देतो, तसलं जपानी जेवण एकदा जेवायचंय. पाम बीच रोडच्या जवळ एका टॉवरच्या वरच्या मजल्यावर तसं एक रेस्टॉरंट आहे. नाव देत नाही. माणशी 7,500 रुपये, कर वेगळा, बुकिंगच्या वेळी निम्मे पैसे आगाऊ. आम्ही चौघं होतो: दादा, वहिनी, आत्या आणि मी. पैसे माझे.

आत्याने दिवाळे गावाच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकली. आता गुडघ्यांमुळे पाटीवर बसत नाही, पण बाजारात गेली की दुसऱ्याच्या टोपलीतला बांगडाही कल्ला उचलून बघितल्याशिवाय पुढे जात नाही. वहिनी साताऱ्याकडची. लग्नानंतरच्या पहिल्याच नारळी पौर्णिमेला तिने कोळंबीचं कालवण खाल्लं आणि तासाभरात ओठ, पापण्या सुजून तोंड ओळखू येईना. तेव्हापासून कोळीवाड्याची ही सून कोळंबी, चिंबोरी, शेवंड यातल्या कशाला हात लावत नाही. मासे चालतात, बोंबील तर ती आमच्यापेक्षा जास्त खाते. पर्समध्ये गोळी कायम असते.

बुकिंग केल्यावर व्हॉट्सॲपवर एक फॉर्म आला. ‘कोणाला कशाची ॲलर्जी आहे का?’ मी लिहिलं: चौघांपैकी एकीला कोळंबी, खेकडा आणि कवच असलेल्या सगळ्या जलचरांची, मासे चालतात. उलट निरोप आला, ‘नोंद घेतली आहे,’ पुढे हात जोडल्याचं चित्र. आदल्या दिवशी खात्रीसाठी फोन आला तेव्हा मी पुन्हा सांगितलं. म्हणजे आमच्या बाजूने दोनदा.

असल्या जेवणाला ओमाकासे म्हणतात, म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. मेन्यूकार्ड नसतं, काय खायचं ते पाहुणा ठरवत नाही. शेफ त्या दिवशीचा मासा बघतो, समोरच्या माणसाला बघतो आणि ठरवतो. सुशीचे मुरलेले कारागीर पाहुणा डावखुरा आहे हे पहिल्या घासातच हेरतात आणि पुढचा घास त्याच्या हाताच्या बाजूने वळवून ठेवतात. दादा डावखुरा आहे, म्हणून हे मला माहीत होतं आणि मी ते बघणारही होते. या रेस्टॉरंटने जाहिरातीत ‘कायसेकी ओमाकासे’ असं लिहिलं होतं. तिथेच मला थोडं खटकलं. कायसेकी ही चहाच्या समारंभातून वाढलेली, ऋतूप्रमाणे बांधलेली पदार्थांची क्रमवारी. ओमाकासे ही मागवण्याची तऱ्हा. दोन्ही एकत्र होऊ शकतात, पण बहुतेक वेळा एवढं लांब नाव किंमत लांबवायला असतं.

सात ते साडेनऊ

काउंटरवर बारा खुर्च्या. त्या सगळ्या भरल्या होत्या. मागे तीसेक माणसांची टेबलं, तिथे नेहमीच्या मेन्यूवरून जेवण. खिडकीतून खाडीचा काळोख दिसत होता. काउंटरच्या पलीकडे दोन तरुण कारागीर, दोघांच्या कानात इयरफोन. मासा स्टीलच्या ट्रेमध्ये आधीच कापून, मध्ये प्लॅस्टिक घालून रचलेला होता. आत्याने तो ट्रे बघितला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही.

पहिला पदार्थ मीठ लावलेल्या सोयाबीनच्या शेंगा. त्यावर ट्रफलच्या वासाचं तेल. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरी चावानमुशी. झाकणाच्या छोट्या वाटीत वाफवलेलं अंडं: एका भागाला तिप्पट दाशी, म्हणजे कोंबू हे समुद्री शेवाळ आणि धुरावून वाळवलेला कुपा यांचं पाणी. नीट जमली तर चमच्यावर थरथरते, जिभेवर ठेवली की विरघळते. आपल्याला कळेल असं सांगायचं तर अगदी नाजूक वाफवलेला खरवस, गोडाऐवजी खारट. खरवस जास्त वाफवला की जाळी पडते, तसंच हिचंही होतं. आमच्या चारही वाट्यांना कडेने जाळी पडली होती. चमचा लावला की पाणी सुटत होतं.

वहिनीने वरून एक चमचा खाल्ला. दुसरा चमचा खोल घातला आणि थांबली. आत गुलाबी कोळंबी.

चावानमुशीच्या तळाशी कोळंबी असणं ही काही त्या कारागिराची लहर नाही. जुन्या पद्धतीत ती असतेच, जोडीला गिंकोची बी, मशरूम, कोंबडीचा तुकडा. म्हणून तर हा पदार्थ ॲलर्जी सांगितलेल्या माणसासाठी वेगळा करावा लागतो हे जपानी स्वयंपाकघरात पहिल्या महिन्यात कळायला हवं. वहिनीने वाटी सरकवली, पर्समधून गोळी काढून घेतली. ओठ चुरचुरतायत म्हणाली, बाकी काही नाही. मी कॅप्टनला बोलावलं. त्याने मनापासून माफी मागितली, ‘लगेच बदलून आणतो मॅडम’ म्हणाला आणि वाटी घेऊन गेला.

चार मिनिटांत वाटी आली. मी घड्याळ बघते, सवय आहे. कच्च्या अंड्यापासून चावानमुशी चार मिनिटांत होत नाही, पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्हटलं, बिनकोळंबीच्या तयार ठेवलेल्या असतील. पण या वाटीवर तपकिरी, चकचकीत, दाट सॉसचा थर होता. आमच्या तिघांच्या वाट्यांवर तो नव्हता. मी चमच्याच्या टोकाने सॉस बाजूला केला. खाली अंड्याला खळगा होता, दोन चमच्यांएवढा. वाफवलेलं अंडं एकदा मोडलं की सांधत नाही. कोळंबी काढून, वर सॉस ओतून तीच वाटी परत आली होती.

“ही तीच वाटी आहे का?”

“नाही मॅडम, फ्रेश आहे.”

त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. कदाचित त्यालाही आतून तेच सांगितलं गेलं असेल, हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी नाही सुचलं.

इथे थोडं कामाचं सांगते, कारण घरी हे ऐकून बऱ्याच जणांनी ‘काढली ना कोळंबी, मग झालं’ असं म्हटलं. कवचाच्या जलचरांची ॲलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे होते. ते शिजवून मोडत नाही. उकळताना पाण्यात उतरतं, म्हणून तर कोळंबी उकडलेल्या पाण्याच्या वाफेनेही काही जणांना त्रास होतो. कोळंबीसकट वाफवलेल्या वाटीतून कोळंबी उचलली तरी जे उतरायचं ते अंड्यात आणि दाशीत उतरलेलं असतं. आमच्या कारखान्यात कोळंबीची लाइन आणि सुरमईची लाइन यांचे सुरे, ट्रे, हातमोजे वेगळे रंगांचे असतात ते हौसेपोटी नव्हे. पाकीटबंद अन्नाच्या लेबलवर कवचधारी जलचरांचा उल्लेख करावाच लागतो, तोही याच कारणाने.

वहिनी म्हणाली, “जाऊ दे, आजचा दिवस आहे.” दादाचं तोंड लाल झालं होतं. आम्ही बसून राहिलो. उठून जायला हवं होतं का, हे मी अजून ठरवू शकलेली नाही. निम्मे पैसे भरलेले, आत्याला लिफ्टने एवढ्या वर आणलेलं, आणि पुढचा पदार्थ समोर येत होता.

तो होता साशिमी, कच्च्या माशाचे काप. सामन, हामाची म्हणजे यलोटेल, आणि कुपा. कुप्याच्या मध्यभागी दाताला बर्फ लागला. गोठवलेला मासा वाईट, हा आपल्याकडचा समज खरा नाही. कच्चा खायचा बराचसा मासा आधी गोठवतातच. उणे 20 अंशांवर सात दिवस, किंवा उणे 35 ला पंधरा तास गोठवला की त्यातले कृमी मरतात. अमेरिकेच्या बाजारासाठी हेच आकडे आमच्या भिंतीवर लावलेले आहेत. कुप्यामध्ये तो धोका कमी, पण त्याचा रंग टिकावा म्हणून तो उणे 60 वगैरे तापमानाला ठेवतात. प्रश्न तो बर्फातून काढण्याचा असतो. कोमट मिठाच्या पाण्यात थोडा वेळ, मग पुसून, कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये काही तास. दातात बर्फ म्हणजे ते तास मिळाले नव्हते.

वाढणारा मुलगा पाठ केल्यासारखं म्हणाला, “आमचा सगळा मासा टोकियोच्या तोयोसू मार्केटहून विमानाने येतो.”

“सामनसुद्धा?” मी विचारलं.

“सगळा, मॅडम.”

आता सामन हा जपानी सुशीत आला तो नॉर्वेवाल्यांनी 1980 च्या दशकात खटपट करून विकला म्हणून. त्याआधी जपानी लोक त्यांच्याकडचा सामन कृमींच्या भीतीने कच्चा खात नसत. नॉर्वेचा मासा टोकियोला, तिथून नवी मुंबईला, असा प्रवास कोणी करवत असेल तर त्याच्या हिशेबनीसाची मला काळजी वाटते. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याला जे वाक्य दिलं होतं ते त्याने म्हटलं.

मग पाच निगिरी, म्हणजे हाताने वळलेल्या भातावर माशाचा काप. एकेक करून हातात यायला हव्या होत्या, त्या पाचही एका काळ्या पाटीवर एकदम आल्या. सगळ्या उजव्या हाताला तोंड करून. दादाने काही न बोलता पाटी फिरवून घेतली.

आत्याने पहिली निगिरी उचलली, चावली, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा बोलली. “यो भात गार हाय गो बाय.”

भाताबद्दल पुढे सांगते, तो स्वतंत्र विषय आहे. त्या पाचांतली एक मात्र चांगली होती: मीठ आणि व्हिनेगर लावून मुरवलेला बांगड्याच्या जातीचा मासा, शिमे-साबा. आत्याने भात बाजूला ठेवून मासा खाल्ला. “ह्याला मीठ बरं लागलंय,” म्हणाली. आणि त्यानंतर आलेला मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, लावून भाजलेला ब्लॅक कॉड मासा तर खरंच उत्तम होता. कडा जळकट-गोड, आतून पाकळ्या सुटणारा. त्या घरात कोणाला तरी स्वयंपाक येतो हे त्या एका ताटलीने सिद्ध केलं, आणि म्हणूनच बाकीच्याचा जास्त राग आला.

यानंतर 38 मिनिटं काहीच आलं नाही. मागच्या टेबलांवर सोळा जणांची एक पार्टी आली होती, तिकडे तळणाच्या ताटल्यांमागून ताटल्या जात होत्या. मग आमचा तेंपुरा आला, मऊ पडलेला. तेंपुरा ही मुळात पोर्तुगीजांची देणगी. सोळाव्या शतकात त्यांची जहाजं नागासाकीला लागत होती, त्याच शतकात ते वसईलाही ठाण मांडून बसले होते. पीठ गार पाण्यात जेमतेम कालवायचं, तळलं की लगेच खायचं, एवढंच त्याचं शास्त्र. बोंबील तळणाऱ्या कुठल्याही बाईला ते सांगावं लागत नाही.

वहिनीच्या ताटलीत भाज्या होत्या, आमच्यात कोळंबी. मी विचारलं, तेल एकच का? “नाही मॅडम, वेगळं तेल.” वहिनीने ताटली तशीच ठेवली. ज्या तोंडाने वाटी ‘फ्रेश’ होती त्याच तोंडाने आता तेल वेगळं होतं.

सव्वानऊला दाराशी पुढच्या पाळीची माणसं उभी दिसायला लागली. मग शेवटचा भात, मिसो सूप आणि गोड हे तीनही अकरा मिनिटांत आले. सूप संपायच्या आत मोची, म्हणजे तांदळाची गोड चिवट गोळी, समोर.

बिल

चार जेवणांचे 30,000, पाण्याच्या दोन बाटल्यांचे 900. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क 3,090. या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 35,689 रुपये 50 पैसे.

सेवाशुल्क आपोआप बिलात लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये स्पष्ट केलं होतं. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि 28 मार्च 2025 ला तिथे हरल्या. मी एवढंच म्हटलं, “हे काढा.” कॅप्टन म्हणाला, “ते ऐच्छिक आहे मॅडम.” मी म्हटलं, “माझी इच्छा नाही.” सेवाशुल्क गेलं की त्याच्यावरचा जीएसटीही जातो, हे बघून घ्यावं लागतं. पहिल्या दुरुस्तीत त्यांनी शुल्क काढलं आणि कर जुनाच ठेवला. दुसऱ्यांदा बिल 32,445 वर आलं.

दादाला तिथेच ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन लावायचा होता. मी थांबवलं. सेवाशुल्क काढल्यावर त्या फोनला सांगायला उरलं ते ‘जेवण वाईट होतं’, आणि जेवण वाईट असणं हा गुन्हा नाही. वाटीचं प्रकरण वेगळं होतं. त्या रात्री वहिनीला दवाखान्यात न्यावं लागलं असतं तर मी अन्न व औषध प्रशासनाच्या दारात उभी राहिले असते, यात शंका नाही. तसं झालं नाही. मग मला जे येतं ते केलं. सोमवारी वेळा, पदार्थ, वाटीचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरची ‘नोंद घेतली आहे’ची प्रत जोडून दोन पानी ईमेल लिहिला. शेवटी एकच प्रश्न विचारला: मी फॉर्ममध्ये लिहिलेली ओळ काउंटरपर्यंत का पोचली नाही?

मागच्या बाजूला

मला वाटलं होतं, ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ येईल. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. पनवेलचा माणूस, वयाने माझ्याएवढा. म्हणाला, “ताई, तुम्ही ज्या भाषेत लिहिलंय ती आमच्या ऑडिटरची भाषा आहे. एकदा याल का? मलाच समजून घ्यायचंय.” जानेवारीत एका मंगळवारी दुपारी तीन वाजता मी गेले. त्याने स्वयंपाकघर उघडं करून दाखवलं, काही लपवलं नाही. पुढचं सगळं त्या दोन तासांतलं.

माझी ओळ तीन ठिकाणी हात बदलत होती. व्हॉट्सॲपचा फॉर्म बघणारी मुलगी मुख्य कार्यालयात बसते, तिथून तिन्ही शाखांची बुकिंगं बघते. ती ॲलर्जी बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टीप’ म्हणून भरते. ती टीप दाराजवळच्या होस्टेसच्या टॅबवर दिसते. होस्टेस ती कॅप्टनला तोंडी सांगते. कॅप्टन सात वाजता बारा माणसांना बसवण्याच्या गडबडीत ती आत सांगतो किंवा नाही. आत स्वयंपाकघरात छापून येणाऱ्या चिठ्ठीवर टेबलांच्या ऑर्डरी येतात. काउंटरच्या पाहुण्यांची चिठ्ठी निघतच नाही, कारण त्यांनी काही मागवलेलंच नसतं. सगळ्यांना तेच द्यायचं, मग चिठ्ठी कशाला!

हे ऐकून मी खुर्चीत मागे टेकले. ज्या जेवणाची किंमतच ‘समोरच्या माणसाकडे बघून ठरवण्याची’ होती, त्याच जेवणातल्या माणसांचा मागमूस त्या यंत्रणेत नव्हता. मागच्या टेबलावर चारशे रुपयांची भाजी मागवणाऱ्याने ‘लसूण नको’ म्हटलं असतं तर ते छापून शेफच्या डोळ्यांसमोर लटकलं असतं. साडेसात हजार देणारा बारा खुर्च्यांपैकी एक होता.

वाट्या. काउंटरच्या दोन पाळ्या, सात आणि साडेनऊ. बारा दुणे चोवीस. पाच वाजता मोजून चोवीस चावानमुशी वाफवून ठेवतात आणि पाळीच्या वेळी पुन्हा गरम करतात. जाळी त्यातून पडते. जास्तीची एकही नसते, कारण उरली तर ती वाया गेली असं महिनाअखेरच्या कागदावर दिसतं. आमची वाटी परत गेली तेव्हा कारागिरासमोर दोन रस्ते होते. दुसऱ्या पाळीतली एक उचलायची, पण तिच्यातही कोळंबीच आणि नंतर एक कमी पडणार. किंवा नवी करायची, म्हणजे वीस मिनिटं, आणि पुढची साशिमी तर ट्रेमध्ये वितळत होती. त्याने तिसरा रस्ता काढला. मॅनेजर म्हणाला, “त्याला वाटलं, मॅडमना कोळंबी आवडत नाही.” ॲलर्जी आणि नावड यांतला फरक त्याला कोणी सांगितलाच नव्हता. सॉस त्याने स्वतःच्या डोक्याने घातला. त्या मुलाला काढून टाकलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाला. बरं झालं. खळग्यावर सॉस घालण्याइतकी ज्याची नजर आहे तो शिकेल.

तळणाची कढई एकच होती, दोन खणांची. दुसरा खण सप्टेंबरपासून बंद. ‘वेगळं तेल’ ही सप्टेंबरआधीची खरी गोष्ट होती, नंतर कोणी वाक्य बदललं नाही. तीच कढई सोळा जणांच्या पार्टीला पुरत होती, म्हणून आमची 38 मिनिटं.

आणि मुख्य शेफ? ज्याचा फोटो जाहिरातीत होता तो नोव्हेंबरपासून नव्या शाखेच्या तयारीत होता. मिसो-कॉडचं मुरवण त्याने आठवड्याचं एकदम करून दिलेलं असतं, दोन-तीन दिवस मुरायचं. तो पदार्थ का चांगला होता ते असं कळलं. आधी मुरवून ठेवायचा तो पदार्थ जमला होता. शिमे-साबाही तसाच. जिथे जिथे त्या क्षणी हात आणि नजर लागते, तिथे तिथे घसरण होती.

आता भात. सुशीत माशाइतकाच, काही जुने कारागीर म्हणतील त्याहून जास्त, भात महत्त्वाचा. शिजवून लगेच तांदळाचं व्हिनेगर, साखर, मीठ कालवायचं आणि अंगाच्या उष्णतेइतका कोमट असतानाच वळायचा. फ्रिजमध्ये गेला की दाणा कडक होतो. शिळ्या भाताची फोडणी फडफडीत होते आणि निगिरी घशात अडते, त्याचं कारण एकच: थंडीत भातातला स्टार्च पुन्हा घट्ट रचला जातो, आणि फ्रिजचं तापमान त्याला सगळ्यात मानवतं.

मला वाटत होतं, हा आळशीपणा. तसं नव्हतं. मागच्या वर्षी एका सल्लागाराने तपासणीत लिहून ठेवलं होतं: शिजवलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. त्याचं म्हणणं चूक नाही. भातात बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही उरतात आणि भात कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. साध्या भाताला हा नियम अगदी बरोबर. पण सुशीचा भात साधा नसतो, त्यात व्हिनेगर असतं. आम्लता पुरेशी असेल, म्हणजे पीएच 4.6 च्या खाली (आकडा जितका कमी तितकं आंबट), तर तो काही तास फ्रिजबाहेर सुरक्षित राहतो. कारखान्यात आम्ही 4.2 धरतो, हात राखून. अट एकच, ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. मी विचारलं, पीएच मीटर कुठे आहे? नव्हता. म्हणजे भात सुरक्षित आहे की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून तो चार वाजता शिजवून, कालवून, दोन्ही पाळ्यांसाठी एकदमच फ्रिजमध्ये जात होता. काही हजारांचं यंत्र नाही म्हणून साडेसात हजारांच्या जेवणातला भात गार.

मी त्याला म्हटलं, पाळीगणिक भात करा, पीएच मोजा, वहीत लिहा, तपासणीवाल्याला वही दाखवा. तो म्हणाला, भात करणारा मुलगा आणि तळणारा मुलगा एकच आहे. साडेआठला तो कढईवर असतो. मालकांशी बोलतो.

कुठला मालक काय म्हणाला असेल याची मला कल्पना करता येते. डिसेंबरातल्या शनिवारी चोवीस खुर्च्या भरतात. भात गार आहे अशी तक्रार, मॅनेजरच्या म्हणण्याप्रमाणे, आमच्याआधी कोणीही केली नव्हती. तिथे येणाऱ्या बहुतेकांनी सुशी पहिल्यांदा खाल्ली ती मॉलमधल्या प्लॅस्टिकच्या डब्यातून, फ्रिजमधली. त्यांना वाटतं, ती गारच असते. कोमट भाताची मागणी करायला आधी भात हातात घेऊन बघणारं माणूस लागतं, आणि आत्याचे गुडघे दर शनिवारी तिथे जायला तयार नाहीत.

निघताना मॅनेजरने चौघांना फुकट जेवणाचं आमंत्रण दिलं. घरी सांगितलं तर दादा सरळ नाही म्हणाला. वहिनी म्हणाली, “ते कॉड नुसतं देतील का?” आत्या म्हणाली, “फुकाट दिलं म्हणून भात गरम होनार हाय काय?” आम्ही गेलो नाही.

फेब्रुवारीत त्याच्याकडून दोन फोटो आले. काउंटरवर आता प्रत्येक खुर्चीसाठी एक लाल-पांढरी चिठ्ठी असते, कारागिराच्या बाजूने चिकटवलेली. ॲलर्जी लाल पट्टीत, नावड पांढऱ्यात. चोवीसऐवजी अठ्ठावीस वाट्या होतात, जास्तीच्या चार बिनकोळंबीच्या, झाकणावर वेगळी खूण. दुसरा खण दुरुस्त होईपर्यंत ॲलर्जीवाल्यांना तळण देणंच बंद केलंय. वाटीची नोंद मी माझ्यापुरती बंद केली.

भाताची उघडी आहे. मागच्या आठवड्यात त्याने पीएच मीटरचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘ताई, आला.’ मी फोटो मोठा करून बघितला. यंत्र स्टीलच्या फळीवर ठेवलेलं होतं, आणि त्याच्या पडद्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.